जाता जाता एक लोटा

भिकाजी चाळ, लालबाग
ता. ६ मार्च १९६०

चि. रामदास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सोलापूरचा तुझा पत्ता आपल्या चाळीतल्या शामरावाने दिला. गावाकडून येताना तो तुला भेटून आला. तू तिथल्या मिलमध्ये आहेस, एकटाच राहतोस आणि हाताने भाकरी थापतोस, असं म्हणाला. भाकरीचं ऐकून मी हसलो, पण ते असो.

मी सध्या घरी आहे. मिलमध्ये मागाच्या साच्यावर काम करताना उजवा खांदा निखळला. डॉक्टरने बरेच आठवडे बसून राहायला सांगितलंय. बसायचं म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून पटांगण बघायचं. ज्या वस्तादाने निम्म्या लालबागला लंगोट बांधायला शिकवलं, तो आता दिवसभर नळावरच्या भांडणांचा पंच झालाय.

तुझी वहिनी ठणठणीत आहे. शामराव तुला काहीबाही लिहील म्हणून आधीच सांगतो. तिच्या हातात बांगड्या नसतात, कारण काचेनं तिला पुरळ उठतं. दुसरं काही नाही.

तू लावलेल्या करंजांची चौकशी करशीलच. छप्पनच्या जानेवारीत मुंबई आपल्याला मिळणार नाही असं ठरलं आणि गिरणगाव पेटलं, तेव्हा पोलिसांच्या गाड्या अडवायला आम्ही पाचातले चार करंज तोडून रस्त्यात आडवे टाकले होते. ते चारही बुंध्यातून पुन्हा फुटले, आता दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला लागलेत. कुणी काही केलं नाही, आपोआप. झाडाला माणसाची गरज नसते, हे मी तुला तेव्हाही सांगत होतो. पण तू नळावरून घागर भरून झाडांकडे निघायचास आणि सगळी तालीम माझ्या तोंडाकडे बघून हसायची. दीड मणाची दगडी नाल उचलणारा पैलवान, आणि बायकांच्या रांगेत उभा! मान खाली घालायची वेळ यायची.

मेमध्ये महाराष्ट्र होतोय, मुंबईसकट. पंचावन्न साली फोर्टात तू पाठीवर लाठी खाल्लीस, म्हणून त्या दिवशी तू इथं असावंस. झालं गेलं गंगेला मिळालं. तुला बांगड्यांचं ताट पाठवलं ते तालमीतल्या पोरांनी. माझा त्यात हात नव्हता. सुट्टी काढून ये.

तुझा अण्णा,
कोंडीराम

ता. १६ मार्च १९६०

रामदास,

उत्तर नाही. ठीक आहे, तू पहिल्यापासून घुम्याच. पण मी एक गोष्ट पाहिली आणि ती सांगायला मला दुसरं माणूस नाही. तालमीत सांगितली तर हसतील. तुझ्या वहिनीला सांगावी, तर ती त्यातलीच निघाली.

सोमवारी सकाळी अकराचा सुमार. पहिल्या पाळीचे गडी मिलमध्ये, रात्रपाळीवाले घोरत पडलेले. मी तंबाखूची पिंक नेहमीसारखी कठड्यावरून खाली सोडली. खालून आवाज आला.

"वस्ताद, नेम चांगला हाय हो! रोज एकाच जागी पडतीया. धुवायला सोपं जातंय आमाला."

वाकून बघतो तर तळमजल्यावरची मीराबाई. ती हसत होती, रागावली असती तर बरं झालं असतं. तिने घागरीतून लोटाभर पाणी काढलं, करंजाच्या बुंध्याजवळच्या फरशीवरची माझी पिंक धुतली. मग आणखी एक लोटा काढून झाडाच्या आळ्यात ओतला आणि जिन्याकडे गेली. मला वाटलं, उरलं असेल पाणी.

मागून दुसरी आली. तिने आळ्यात लोटा ओतला. मग तिसरी, चौथी. कुणी थांबत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. देवळात शिरताना घंटेला हात लावतात ना, तितकं सहज. पाच झाडं, आणि कुणाचं कुठलं ते ठरलेलं असावं, कारण एकाच आळ्यात सगळ्यांनी ओतलं असं झालं नाही. नळाला पाणी दीड तास असतं. त्या पाण्यासाठी याच बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात, परवाच कांताने शेजारणीची कळशी पार फाटकाबाहेर भिरकावली होती. तीच कांता कमरेवर घागर, डोक्यावर कळशी घेऊन आली, वाकता येईना तर पायाने लोटा सरकवून तिने तो शेजारणीकडून भरून घेतला आणि आळ्यात रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून बसलो. एकोणचाळीस लोटे झाले. आज पुन्हा बसलो, तेवढेच.

रामदास, अंगावर काटा आला माझ्या. मोठमोठे फड पाहिलेत मी, हजारो माणसं एका डावावर श्वास रोखून बसलेली पाहिलीत. तेव्हाही असा काटा आला नव्हता. चार वर्षं मी त्या झाडांखालून पाळीला जातोय आणि येतोय. वर बघून म्हणतोय, आपोआप वाढली.

तंबाखूसाठी आता डबा ठेवलाय. तुझ्या वहिनीने डब्याकडे बघितलं आणि तो उचलून माझ्या हाताशी ठेवला.

अण्णा

ता. २८ मार्च १९६०

रामदास,

तुझं उत्तर येणार नाही असं धरून लिहितो, म्हणजे लिहायला सोपं जातं.

तुझ्या वहिनीला विचारलं, "हे कधीपासून?"

"भावजी गेल्यापासनं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं कधी? आन त्यात सांगायसारखं काय हाय? पान्याला जाताना जाता जाता एक लोटा."

एवढंच बोलून ती तांदूळ निवडायला लागली. मग मी खोदून खोदून विचारलं, तिच्याकडून, मीराबाईकडून. तू गेलास त्या आठवड्यात चारही बुंध्यांना बकऱ्यांनी तोंड लावायला सुरुवात केली होती. वहिनीने आमची जुनी खाट मोडून कुंपण केलं. ती खाट ढेकणांमुळे फेकली असं मला सांगितलं होतं! बुंध्यातून दहा-दहा फुटवे आले, त्यातला एकेक सरळ ठेवून बाकीचे छाटले. ठेवलेल्याला काठीचा आधार दिला आणि लुगड्याच्या चिंध्यांनी बांधला. त्या चिंध्या मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, बायकांचे नवस असतील. मी एकदा त्यांना हातसुद्धा जोडले होते. आता काय बोलायचं?

आणि ऐक. दर नागपंचमीला आपण तालमीच्या हौद्यातली जुनी माती काढतो आणि नवी घालतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून आपण ती माती मळतो, तिला पाय लावण्याआधी कपाळाला लावतो. आणि जुनी माती? ती मागच्या गल्लीत फेकतो. ती कुठं जाते हे वस्ताद असून मी कधी पाहिलं नाही. बायका घमेल्यांनी उचलून ती करंजांच्या आळ्यात घालतात. माझ्या पोरांचा घाम, माझा घाम, तुझा घाम, सगळा तिथं आहे. आपण त्या मातीच्या पाया पडत होतो आणि पटांगणात थुंकत होतो, दोन्ही एकाच सकाळी. पटांगण झाडायचं तर आपल्याला बायकी वाटायचं. हौदा झाडायला मात्र आपल्यात मारामारी व्हायची.

एकोणचाळिसातला एक लोटा शेजारच्या चाळीतल्या कमलाबाईंचा आहे. धम्म घेतलेलं घर. आपल्या नळावर त्या येत नाहीत, का ते तुला माहीत आहे. त्या त्यांच्या नळाचं पाणी घेऊन येतात. मी खाली उतरून त्यांचं कौतुक करायला गेलो. जरा वस्तादी थाटातच म्हणालो, "वा, चांगलं काम करता." त्यांनी लोटा पूर्ण ओतून झाल्यावर मान वर केली.

"वस्ताद, झाडू आमच्या वाट्याला तुमच्यासारख्यांनीच बांधला होता. तो आम्ही सोडला. आता पटांगण झाडायचं तर सगळ्यांनी झाडायचं. पण ह्या झाडाला पाणी घालते ते माझ्या मर्जीनं. रामदासभाऊंनी मला सांगितलं नव्हतं. तुम्हीही शाबासकी देऊ नका."

मी "बरं" म्हणालो. तालमीत मला कुणी इतक्या चटकन चीत केलेलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

चीत झालोच आहे तर आणखी एक. खांदा साच्यावर निखळला नाही. पोरांपुढे नाल उचलायला गेलो, सेहेचाळिसाव्या वर्षी. माझ्या तालमीतल्या हेरंबाने नुकतीच उचलली होती ना!

अण्णा

ता. १७ एप्रिल १९६०

रामदास,

करंज फुलले. पायाखाली पांढरट-जांभळ्या फुलांचा सडा पडतो, आणि नवी पालवी इतकी चकचकीत की तेल लावल्यासारखी वाटते. मी सकाळी उठून आधी गॅलरीत जातो. लाज वाटते सांगायला, पण जातो.

आता अडचण ऐक. काल तालमीत बैठक झाली. एक मेला पटांगणात मोठा मांडव घालायचा, पोवाडे, पेढे, लाठीकाठी, सगळं ठरलं. व्यासपीठाला जागा पुरत नाही म्हणून दर्शनी दोन करंज काढायचे, असं हेरंब म्हणाला. हेरंब म्हणजे मी घडवलेला पोर, आता तालमीचा कारभार तोच बघतो. "झाडं काय, चार वर्षांत पुन्हा फुटतील, मागच्या वेळी फुटली की," म्हणाला. हे वाक्य मीच वर्षानुवर्षं बोलत आलोय. मग सगळे म्हणाले, येत्या रविवारी नारळ फोडून पहिला घाव वस्तादांनीच घालायचा, छप्पनसारखा.

छप्पनला पहिला घाव माझा होता. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. दिवस कसले होते तुला माहीत आहे. गोळीबार चालला होता, माणसं जात होती, डोक्यात रक्त चढलं होतं. त्यात तू पाचव्या झाडाला पाठ लावून उभा राहिलास. तू काहीतरी बोललास आणि मी हात खाली घेतला. काय बोललास ते मला आठवत नाही. रविवारी मला ते लागणार आहे. एका ओळीचं कार्ड टाक.

आणि आता जे लिहायचं होतं ते. बांगड्या पोरांनी नाही पाठवल्या. मी पाठवल्या. मोर्चाला न येणाऱ्याला बांगडीचा आहेर करायची तेव्हा चाल पडली होती, आणि तू तर मोर्चातला माणूस, पण मला दुसऱ्या दिवशी तालमीत तोंड दाखवायचं होतं. तुझ्या वहिनीने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायला हिरव्या बांगड्या आणून फडताळात ठेवल्या होत्या. त्यातल्या डझनभर मी काढल्या, ताटात मांडल्या आणि पोरांच्या हातून सगळ्यांसमोर तुझ्यापुढे ठेवायला लावल्या. तू त्या रुमालात बांधल्यास आणि गाडी पकडलीस.

वहिनीला पुरळबिरळ काही नाही. त्या संध्याकाळी तिने हाताला तेल लावलं आणि एकेक बांगडी उतरवून ठेवली. म्हणाली, "जी वस्तू तुमी शिवी म्हनून दिलीसा, ती मी अंगावर कशी घालू?" नवरा जिवंत, धडधाकट, आणि बाईची मनगटं चार वर्षं उघडी. बायका कुजबुजल्या, माझी चुलती गावाहून येऊन रडून गेली. ती हलली नाही. मी सगळ्यांना पुरळ सांगत राहिलो.

त्याच उघड्या हातांनी ती रोज आळ्यात लोटा ओतते. वरून बघताना मला तिचे हातच दिसतात.

अण्णा

ता. २५ एप्रिल १९६०

रामदास,

तुझं कार्ड आलं नाही. येणार नव्हतंच, आणि मला त्याची गरजही नव्हती. आठवत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. तू म्हणाला होतास, "अण्णा, माझी खाट घे, खोलीचं दार उपटून ने, पुरत नसेल तर मला आडवा टाक. झाड नको." चार वर्षांत असा एक दिवस गेला नाही की ते मला ऐकू आलं नाही.

पण काल ते मला म्हणता येईना. तुझं वाक्य माझ्या तोंडी शोभलं नसतं. सकाळी पटांगणात साठेक गडी जमले. नारळ, हळदकुंकू, नवी कुऱ्हाड, सगळं मांडलेलं. हेरंब म्हणाला, "चला वस्ताद, मुहूर्त टळेल."

मी म्हटलं, "थांब, आलो." आणि घरातली मोठी घागर घेऊन नळावर गेलो. रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिलो तर कांता म्हणाली, "वस्ताद, नंबरानं यायचं. हितं पैलवानकी चालत न्हाय." मग मागे जाऊन उभा राहिलो. साठ गडी माझ्याकडे बघतायत आणि मी लुगड्यांच्या रांगेत उभा.

घागर भरली. ती कमरेवर घ्यायची की खांद्यावर, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं! उजव्या खांद्यावर घेतली, कळ थेट डोळ्यात आली, तरी निघालो. निम्मं पाणी धोतरावर. पहिल्या आळ्यात ओतलं, दुसऱ्यात ओतलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, बांगड्या आणू का?"

सगळे हसले. मी वळलो. मला राग आला नव्हता, रामदास, उलट फार हलकं वाटलं. म्हटलं, "आण. डझनभर आण. आमच्या घरात चार वर्षं कमी पडल्यात."

मग मीच सांगितलं. बांगड्या कुणी पाठवल्या, कुणाच्या वाणातल्या होत्या, वहिनीच्या हातात का नाहीत, ही झाडं आपोआप वाढली नाहीत, खाली बघा, कुणाची माती आहे ती. मोठं भाषण नव्हतं ते, मला भाषण जमत नाही. बायका नळ तसाच वाहता ठेवून बघत होत्या. नळ वाहता राहिला, असं आपल्या चाळीत कधी झालं नव्हतं.

लगेच सगळे सुधारले असं समजू नकोस. हेरंब कुऱ्हाड तिथेच टाकून निघून गेला आणि माझ्याशी बोलत नाही. दोघांनी जाता जाता मुद्दाम झाडाशी थुंकलं. पण व्यासपीठ आता फाटकाजवळ लहानसं होणार आहे, आणि संध्याकाळी रात्रपाळीचे तिघं जण, कुणी बघत नाही असं बघून, लोटे घेऊन खाली आले. मी गॅलरीतून मान फिरवली, म्हटलं लाजतील.

वहिनी सगळं वरून बघत होती. घरी आल्यावर खांद्याला शेक देताना एवढंच म्हणाली, "घागर कमरंवर घ्यायची असती." आज सकाळी मी कासाराला घरी बोलावलं. तिने हात पदराखाली घेतला. "ह्यास्नी परत धाडा. माझं वान बाहेर गेलंय. ज्यांच्या म्होरं ठेवलंसा, त्यांच्या हातनं परत येऊ द्या, मग भरीन."

पहिल्या पत्रात मी तुला ये म्हटलं ते हुकमाने, एक मेचं निमित्त करून. आता मागतो. मी तुझा गुन्हेगार आहे. माझ्यासाठी येऊ नकोस, तिच्या हातांसाठी ये. त्या बांगड्या फुटल्या असतील तर फुटलेल्या आण. फेकल्या असशील तर रिकाम्या हाताने ये आणि तिला तसं सांग.

अण्णा

[कार्ड]

सोलापूर
ता. २८ एप्रिल १९६०

ती. सौ. सुंदराबाई वहिनीस,

सा. न. वि. वि. अण्णाची पाचही पत्रं पोचली. प्रत्येकाचं उत्तर लिहिलं आणि ठेवून दिलं.

तुमच्या वाणातल्या बांगड्या माझ्याकडे आहेत. येताना गाडीत दोन फुटल्या, दहा शाबूत आहेत. त्या मी कधी शिवी समजलो नाही. तुमच्या फडताळातल्या आहेत हे बघताच ओळखलं होतं, म्हणून तर रुमालात बांधून आणल्या.

शनिवारी निघतो, रविवारी सकाळी पोचेन. कासाराला सांगून ठेवा, दोन नव्या लागतील.

अण्णाला म्हणावं, उजव्या खांद्यावर घागर घेऊ नकोस. आणि रविवारी नळावर माझा नंबर लावून ठेव.

आपला,
रामदास